सांडवे किती तास वाहिले?

पावसाळ्यात खडकवासल्याचे दरवाजे उघडले की पुण्याच्या बातम्यांत एक आकडा ठरलेला असतो. मुठेत किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, हा. भिडे पूल पाण्याखाली जाणार की नाही, हे पुणेकर त्यावरून सांगतो. इंग्लंडमध्येही दरवर्षी मार्चच्या अखेरीस विसर्गाची बातमी येते आणि काही दिवस गाजते. हा विसर्ग मैलापाण्याचा, नद्यांत आणि समुद्रात सोडलेल्या. पण त्या बातमीत क्युसेक नसतात, तास असतात. २०२४ साली इंग्लंडमधल्या मलवाहिन्यांचे सांडवे ४ लाख ५० हजार ३९८ वेळा, मिळून सुमारे ३६ लाख १४ हजार तास वाहिले. त्या तासांत किती पाणी गेले, त्यात घाण किती होती आणि पाऊस किती, याचा पत्ता या आकड्यांवरून लागत नाही.

तरीही या तासांनी गेल्या काही वर्षांत ब्रिटनचे राजकारण ढवळून काढले. नवे कायदे आले, कंपन्यांना कोट्यवधी पौंडांचे दंड झाले, पाण्याची बिले वाढली आणि पस्तीस वर्षे जुनी नियामक संस्था मोडीत काढायचे ठरले. गटारासारखा विषय, ज्याकडे एरवी कोणी वळून पाहत नाही, तो निवडणुकीच्या प्रचारात आला. हा वाद कुठून सुरू झाला, कोण काय म्हणते आणि गाडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

एका नळात दोन पाणी

लंडनची जुनी गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती. एकोणिसाव्या शतकात फ्लशचे संडास घरोघरी पसरले आणि मैला याच गटारांतून थेट थेम्समध्ये जाऊ लागला. १८५८च्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. दुर्गंधी खासदारांच्या नाकाशी आल्यावर पैसे मंजूर व्हायला वेळ लागला नाही. अभियंता जोसेफ बॅझलजेट याने नदीला समांतर मोठ्या वाहिन्या बांधल्या. शहरातून नदीकडे उतरणारी गटारे वाटेतच अडवायची आणि पाणी पूर्वेला, बेक्टन आणि क्रॉसनेसपर्यंत न्यायचे, अशी ती योजना. मोठा पाऊस झाला तर जास्तीचे पाणी पूर्वीच्याच वाटेने थेम्समध्ये जाईल, अशी सोयही त्याने ठेवली. वादाचे मूळ या सोयीत आहे.

घरचे मैलापाणी आणि छपरा-रस्त्यांवरचा पाऊस एकाच नळातून नेणाऱ्या या व्यवस्थेला संयुक्त मलवाहिनी म्हणतात. ब्रिटनच्या जुन्या शहरांत सगळीकडे हीच पद्धत रुजली. कोरड्या दिवशी नळ जेमतेम भरतो. सर आली की प्रवाह कैक पटींनी वाढतो. वाट न मिळाल्यास ते पाणी मागे फिरून तळघरांत आणि संडासांत वर येते. म्हणून वाहिनीच्या एखाद्या चेंबरमध्ये ठरावीक उंचीची भिंत घालतात. पाणी तिच्यावरून गेले की ते नदीच्या वाटेला लागते. धरणाचा सांडवा धरण वाचवतो, हा घरे वाचवतो. इंग्लंडमध्ये असे सुमारे साडेचौदा हजार सांडवे आहेत.

मलप्रक्रिया केंद्रावरही हीच रचना असते. प्रत्येक केंद्राच्या परवान्यात किती प्रवाहावर पूर्ण प्रक्रिया झालीच पाहिजे, हे लिहिलेले असते. ढोबळमानाने तो कोरड्या दिवसाच्या प्रवाहाच्या तिप्पट धरतात. त्यावरचे पाणी आधी साठवण टाक्यांत जाते. माणशी ६८ लिटर हा या टाक्यांचा जुना हिशेब. टाक्या भरल्या तरच पाणी नदीत सोडता येते. थोडक्यात, सांडवा असणे बेकायदा नाही. केंद्राने आपल्या वाट्याची प्रक्रिया पुरी न करता सांडव्याचा आधार घेतला, किंवा पाऊस नसताना सांडवा वाहिला, तर ते बेकायदा. पुढचे सगळे खटले या फरकाभोवती फिरतात.

कायदा होता, मोजणी नव्हती

१९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली दहा प्रादेशिक जल प्राधिकरणे खासगी कंपन्या झाली. विक्रीपूर्वी सरकारने त्यांची जुनी कर्जे माफ केली. बिले आणि गुंतवणूक यांवर देखरेखीसाठी ऑफवॉट आली, तर प्रदूषणाचा भार पुढे १९९६ पासून एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे गेला. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने शहरी सांडपाण्याविषयी निर्देश काढला. त्याचा गाभा असा की मैलापाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया झालीच पाहिजे, अतिवृष्टीसारखी अपवादात्मक परिस्थिती सोडून. ‘अपवादात्मक’ म्हणजे काय, हे शब्द लिहिणाऱ्यांनी मोकळेच सोडले.

ते युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये काहीसे बांधून घातले. लंडन आणि ईशान्य किनाऱ्यावरचे व्हिटबर्न यांच्या प्रकरणात सांडवे नेहमीच्या पावसातही वाहत होते. नेहमी होते ते अपवाद कसे, असा न्यायालयाचा रोख होता आणि ब्रिटन हरले. सांडव्यांचे पाणी साठवणाऱ्या लंडनच्या मोठ्या बोगद्याचा विचार आधीपासून चालू होता. या निकालाने त्याला जोर दिला.

पण सांडवे किती वेळा वाहतात हे देशात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये तत्कालीन मंत्री रिचर्ड बेन्यन यांनी कंपन्यांना पत्र लिहून २०२० पर्यंत बहुतेक सांडव्यांवर मीटर बसवायला सांगितले. त्या पत्राची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. मागे वळून पाहता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक सरकारी कागद तोच ठरला, असे माझे मत आहे. २०१६ मध्ये आठशे-साडेआठशे सांडव्यांवरच मीटर होते. २०२३च्या अखेरीस ते सर्व सांडव्यांवर पोहोचले.

मीटर काय मोजतो

हे मीटर म्हणजे बहुधा सांडव्याच्या भिंतीवर, मॅनहोलच्या आत टांगलेला एक छोटा सेन्सर. तो पाण्याकडे ध्वनिलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून पाण्याची पातळी ओळखतो. पातळी भिंतीच्या वर गेली की ‘सुरू’, खाली आली की ‘बंद’. बॅटरीवर चालतो, मोबाइलच्या जाळ्यावरून संदेश धाडतो. अंधाऱ्या, ओलसर, वायूंनी भरलेल्या जागेत वर्षभर टांगलेल्या यंत्राकडून अचूकपणाची फार अपेक्षा करता येत नाही. सेन्सरखाली कोळ्याने जाळे विणले किंवा चिंधी अडकली तरी खोटा ‘सुरू’ उमटतो. म्हणूनच वार्षिक अहवालात कोणता मीटर वर्षातला ९० टक्के वेळही चालू नव्हता, हे वेगळे नोंदवतात.

मोजणीची रीत हा आणखी एक घोळ. सांडवा सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या बारा तासांत तो कितीही वेळा थांबला आणि पुन्हा वाहिला, तरी तो एकच विसर्ग धरतात. त्यापुढे विसर्ग चालू राहिला तर दर चोवीस तासांच्या खंडाला एक. दहा मिनिटे वाहिलेला आणि अकरा तास अखंड वाहिलेला असे दोन्ही सांडवे या हिशेबात सारखे. त्यामुळे साडेचार लाख हा आकडा वाचताना हाताशी तासांचा आकडाही ठेवावा लागतो, आणि तोही पुरत नाही.

वर्षांची तुलना तर आणखी जपून करावी लागते. २०२० मध्ये ४ लाख ३ हजार विसर्ग आणि ३१ लाख तास नोंदले गेले. २०२१ मध्ये ३ लाख ७२ हजार विसर्ग, २६ लाख ६० हजार तास. २०२२ मध्ये एकदम ३ लाख १ हजार विसर्ग आणि साडेसतरा लाख तास. सुधारणा झाली, असे म्हणायला कंपन्यांना अवकाश होता. पण ते दुष्काळाचे वर्ष होते. २०२३ला पाऊस भरपूर झाला आणि आकडा ४ लाख ६४ हजारांवर, तास ३६ लाखांवर गेले. शिवाय दरम्यान मीटरांची संख्या वाढत होती, म्हणजे पूर्वी न दिसणारे विसर्ग दिसू लागले. पाऊस, मीटर आणि कंपनीची कामगिरी या तीन गोष्टी एकाच आकड्यात कालवलेल्या आहेत. त्या वेगळ्या काढणे संख्याशास्त्रज्ञाचे काम. वर्तमानपत्राच्या मथळ्याला तेवढा धीर नसतो.

पण मीटरांनी एक गोष्ट निर्विवाद केली. आकडे लोकांच्या हातात आले आणि लोकांनी ते वापरले. ऑक्सफर्डशरमधल्या विंडरश नदीकाठी निवृत्त प्राध्यापक पीटर हॅमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रक्रिया केंद्रांचे अनेक वर्षांचे प्रवाहाचे आलेख घेतले आणि विसर्गाच्या वेळी आलेखाचा आकार कसा बदलतो हे संगणकाला ओळखायला शिकवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात, नोंदच न झालेले ९२६ संभाव्य विसर्ग या पद्धतीने दाखवले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये सदर्न वॉटरला न्यायालयाने ९ कोटी पौंडांचा दंड केला. २०१० ते २०१५ या काळातले ६,९७१ बेकायदा विसर्ग कंपनीने कबूल केले होते. टाक्या मुद्दाम भरलेल्या ठेवून मैलापाणी समुद्रात सोडल्याचे त्यात उघड झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सी आणि ऑफवॉट या दोघींनी दोन हजारांहून अधिक केंद्रांची चौकशी सुरू केली. केंद्रे आपल्या परवान्यातल्या प्रवाहावर खरोखर प्रक्रिया करतात का, हा तिचा प्रश्न. थेम्स वॉटरला मे २०२५ मध्ये ऑफवॉटने केलेला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड बहुतांशी याच चौकशीतून आला.

कोण काय म्हणते

कंपन्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती सहसा नीट ऐकली जात नाही. त्यांचे म्हणणे असे. ही जाळी आम्हाला वारशात मिळाली. शहरांत बागा फरसबंद होत गेल्या, पाऊस जमिनीत मुरायचा तो आता गटारात येतो. नव्या गृहप्रकल्पाला आमच्या वाहिनीशी जोडणी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही. हवामान बदलले, सरी तीव्र झाल्या. लोक ओले वाइप्स आणि स्वयंपाकाचे तेल नळात टाकतात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखाली अडीचशे मीटर लांबीचा, १३० टनांचा चरबीचा गठ्ठा सापडला होता, त्याचा तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला. आणि मुख्य म्हणजे, बिले कमी ठेवण्याच्या आग्रहापायी ऑफवॉटनेच आम्हाला गुंतवणूक करू दिली नाही. मे २०२३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने जाहीर माफी मागितली, पण या मुद्द्यांवर ती ठाम राहिली.

विरोधी बाजूला नदीत पोहणारे, मासे धरणारे, लाटांवर स्वार होणारे असा मोठा गोतावळा आहे. ‘सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज’ ही संघटना कॉर्नवॉलमध्ये १९९० पासून काम करते. एके काळी ‘द अंडरटोन्स’ या बँडचा गायक असलेला फर्गल शार्की हा मासेमारीच्या छंदातून या लढ्यात आला आणि त्याचा चेहरा बनला. त्यांचा सवाल सरळ आहे: कर्जमुक्त मिळालेल्या कंपन्यांवर आज ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज कसे, आणि दरम्यान भागधारकांना गेलेला लाभांश नळांत का गेला नाही? लाभांशाचा एकूण आकडा मात्र कोण मोजतो त्यावर बदलतो. एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसांत फिरवलेला पैसा धरायचा की नाही, यावर तो लक्षणीय फुगतो किंवा आटतो.

मग उपाय राष्ट्रीयीकरणाचा आहे का? इथे शेजारची उदाहरणे दोन्ही बाजूंची अडचण करतात. स्कॉटलंडचे पाणी सार्वजनिक मालकीचे आहे. वेल्समधली कंपनी २००१ पासून भागधारकांविना, नफ्याविना चालते. वेल्समध्ये दर सांडव्यामागचे विसर्ग इंग्लंडपेक्षा कमी नाहीत. स्कॉटलंडचे आकडे बरीच वर्षे कमी दिसत होते, पण तिथे मीटरच मोजक्या सांडव्यांवर होते. इंग्लंडने सगळीकडे मीटर लावले आणि तेच जास्त घाणेरडे दिसू लागले, हा विनोद नियामकांच्या लक्षात आलेला आहे. मालकी कोणाची यापेक्षा पैसा किती, कधी आणि कशावर खर्चला, हे अधिक निर्णायक असावे, असे या तुलनेतून दिसते. पण ‘असावे’ यापुढे जाण्याइतका पुरावा नाही.

नदीचे नेमके काय बिघडते

या वादातली सर्वांत कमी ऐकू येणारी चर्चा परिसंस्थेची आहे. इंग्लंडमधले जेमतेम १६ टक्के जलस्रोत ‘चांगल्या’ पर्यावरणीय स्थितीत आहेत, हे आंदोलक सांगतात आणि ते खरे आहे. पण ती स्थिती बिघडवण्यात शेतीचा वाटा सर्वांत मोठा गणला जातो. वाय नदीचे खोरे त्यासाठी गाजले, तिथल्या कोंबड्यांच्या शेतांमुळे. सांडपाण्याचा वाटाही मोठा आहे, पण त्यातला बराचसा प्रक्रिया करून रोज, कोरड्या दिवशीही सोडल्या जाणाऱ्या पाण्यातल्या फॉस्फरसचा. सांडवे अधूनमधून वाहतात, तेही नदी फुगलेली असताना. म्हणून काही परिसंस्थातज्ज्ञांना वाटते, एवढा पैसा सांडव्यांवरच ओतला तर नद्या दिसायला स्वच्छ होतील आणि मूळ दुखणे तसेच राहील. याच्या उलट मुद्दाही आहे. छोट्या ओढ्यात पहिल्या सरीबरोबर येणारा लोंढा वाहिनीच्या तळाशी साचलेला गाळ घेऊन येतो, पाण्यातला प्राणवायू काही तासांत खाली आणतो आणि अमोनियाने मासे मरतात. वर्षभराच्या सरासरीत ते काही तास हरवून जातात.

आरोग्याचा प्रश्न वेगळा. २०२२ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी नदीतल्या मानवी विष्ठेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहा, असे जाहीरपणे मांडले. त्याआधी चर्चा मुख्यतः माशांची आणि शेवाळाची होती. नदीवरचे पहिले अधिकृत स्नानस्थळ यॉर्कशरमधल्या इल्कलीला, व्हार्फ नदीवर, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. समुद्रकिनाऱ्यांवर अशी स्थळे शेकड्यांनी आहेत. पण लोक अधिकृत शिक्क्याची वाट पाहत नाहीत, नदीत उतरतातच. आणि व्यवस्थित प्रक्रिया केलेल्या पाण्यातही, वेगळे निर्जंतुकीकरण नसेल तर, जंतू असतातच. म्हणजे सांडवे पूर्ण बंद झाले तरी पोहणाऱ्याचा धोका शून्य होत नाही. रॉयल अॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने २०२४च्या अहवालात मोजणी आणि गुंतवणूक दोन्ही आरोग्याच्या कसोटीवर लावायला सांगितले. सध्याची व्यवस्था मुळात त्यासाठी रचलेलीच नाही.

बोगदा, दुसरा नळ की पावसाची टाकी

उपायांत सर्वांत सरळ वाटतो तो दुसरा नळ. मैला एकात, पाऊस दुसऱ्यात. सरकारने नेमलेल्या अभ्यासाने २०२१ मध्ये इंग्लंडभर असे करायचा खर्च ३५० ते ६०० अब्ज पौंड सांगितला, वर जवळपास प्रत्येक रस्ता खणणे आलेच. शिवाय नळ वेगळे केले म्हणून पाणी वेगळे राहते असे नाही. ब्रिटनमध्ये वॉशिंग मशीनची नळी चुकून पावसाच्या वाहिनीला जोडलेली सर्रास सापडते. आपल्याला हे सांगायला नको. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या कागदोपत्री वेगळ्या आहेत, पण भर उन्हाळ्यात नाल्याच्या कडेला उभे राहिले तर तो कागद कुठे विरघळला ते कळते. मुंबईचा नाला बारमाही सांडवाच आहे, फक्त त्यावर मीटर नाही.

दुसरा मार्ग साठवणीचा, आणि त्याचे भव्य रूप म्हणजे लंडनचा टाइडवे बोगदा. पश्चिमेला अॅक्टनपासून पूर्वेला अॅबी मिल्सपर्यंत २५ किलोमीटर, आतून ७.२ मीटर रुंद, बराचसा थेम्सच्या पात्राखालून. खर्च साडेचार अब्ज पौंडांच्या घरात. तो बांधणाऱ्या कंपनीचे नाव ‘बॅझलजेट टनेल लिमिटेड’. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या. आधी झालेल्या ली बोगद्यासह तो सोळा लाख घनमीटर पाणी साठवतो, पाऊस ओसरला की ते बेक्टनला उपसून प्रक्रिया करतात. लंडनच्या थेम्सपुरता हा बहुधा यशस्वी ठरेल. पण त्याच्या आरंभीच्या अभ्यासगटाचे अध्यक्ष राहिलेले क्रिस बिनी यांनीच पुढे त्याची गरज नाकारली होती, आणि काँक्रीट, ऊर्जा व बिले यांचा भार पाहता असे बोगदे प्रत्येक गावी परवडणार नाहीत, हे कोणीही मान्य करतो. शिकागोने १९७५ पासून असाच खोल बोगद्यांचा प्रकल्प चालवला आहे; त्याचे जलाशय अजून पुरे व्हायचे आहेत. पॅरिसने २०२४च्या ऑलिम्पिकसाठी ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ ५० हजार घनमीटरची टाकी बांधली, आणि तरीही स्पर्धेच्या दिवसांत पाऊस झाला तेव्हा सीनमधल्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या.

तिसरा मार्ग पाऊस गटारात येऊच न देण्याचा. रस्त्याकडेचे खोलगट वाफे, पाणी मुरू देणारी फरशी, छपराच्या पाण्याची पिंपे. सेव्हर्न ट्रेंटने मॅन्सफील्ड गावात ७ कोटी ६० लाख पौंडांचा असा प्रयोग केला. आइल ऑफ वाइटवर सदर्न वॉटरने घरोघरी हळूहळू रिकामी होणारी पिंपे दिली आणि तिथला सांडवा कमी वाहू लागला. या कामाला खणाखणी थोडी लागते, पण कोणाच्या अंगणातल्या वाफ्याची निगा पुढे कोण राखणार हे ठरवावे लागते. हाच प्रश्न २०१० सालच्या पूर आणि जल व्यवस्थापन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाचा. नव्या बांधकामांना पाणी मुरवण्याची व्यवस्था सक्तीची करणारे हे परिशिष्ट वेल्सने २०१९ मध्ये लागू केले. इंग्लंडमध्ये ते कायद्याच्या पुस्तकात आहे, अमलात नाही. नव्या घरांची घाई आणि बिल्डरांचा खर्च त्याच्या आड येतात. वाहिन्यांवर अब्जावधी खर्च करणाऱ्या देशात हे एवढे काम पंधरा वर्षे का रखडावे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे आढळले नाही.

उद्दिष्टे आणि न्यायालये

२०२१च्या पर्यावरण कायद्याच्या वेळी उमरावांच्या सभागृहात वेलिंग्टनच्या ड्यूकने सांडव्यांवर कंपन्यांना ठोस बंधन घालणारी दुरुस्ती आणली. सरकारने आधी ती फेटाळली, मग लोकांचा संताप पाहून स्वतःची दुरुस्ती मांडली. या कायद्यामुळे सांडवा सुरू झाल्यापासून तासाभरात जाहीर करणे १ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक झाले. आता कोणीही फोनवर नकाशा उघडून गावचा सांडवा वाहतो आहे का ते पाहू शकतो. सांडव्याच्या वर आणि खाली पाण्याचा दर्जा सतत मोजण्याचे बंधनही त्यात आहे. त्यात प्राणवायू, तापमान, आम्लता, गढूळपणा, अमोनिया मोजतात. जंतू मोजत नाहीत.

२०२२ मध्ये विसर्ग घटवण्याची योजना आली. तिचे अंतिम लक्ष्य २०५० पर्यंत कोणत्याही सांडव्यातून वर्षाला सरासरी दहाहून जास्त पावसांत विसर्ग होऊ नये, हे. स्नानस्थळांजवळचे सांडवे २०३५ पर्यंत सुधारायचे. अपेक्षित खर्च ५६ अब्ज पौंड. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरचे राहिलेले सांडवे धरून तो ६० अब्ज झाला. दहाच का? खर्च आणि लाभ यांच्या तुलनेतून आलेला तो तडजोडीचा आकडा आहे. आंदोलकांनी आक्षेप घेतला की ‘अपवादात्मक’ वेळीच विसर्ग, असे कायदा आधीपासून सांगतो, मग २०५० पर्यंतची ही मुभा कसली? उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये योजना वैध ठरवली. पण डिसेंबर २०२४ मध्ये पर्यावरण संरक्षण कार्यालय या स्वतंत्र संस्थेने पर्यावरण मंत्रालय, एन्व्हायर्नमेंट एजन्सी आणि ऑफवॉट या तिघांनीही सांडव्यांबाबत कायदा नीट पाळला नाही, असा निष्कर्ष काढला. १९९१च्या त्या मोकळ्या शब्दाचा अर्थ तिघांनी फारच सैल लावला होता.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मैलापाण्याने ज्याच्या मालकीच्या पाण्याचे नुकसान झाले, तो जलकंपनीवर थेट दावा लावू शकतो. युनायटेड युटिलिटीज ही प्रतिवादी. या निकालाने नियामकांना वळसा घालून न्यायालयात जाण्याची वाट उघडली. ती किती रुंद आहे, हे पुढच्या दाव्यांवरून कळेल.

पैशाच्या बाजूने २०२५ ते २०३० या पाच वर्षांसाठी ऑफवॉटने एकूण १०४ अब्ज पौंडांचा खर्च मंजूर केला, त्यातले सुमारे १२ अब्ज सांडव्यांसाठी. महागाई सोडून सरासरी बिल ३६ टक्क्यांनी वाढणार. फेब्रुवारी २०२५च्या नव्या कायद्याने प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांच्या वरिष्ठांचे बोनस रोखण्याचे आणि तपासात अडथळा आणणाऱ्यांना तुरुंगात धाडण्याचे अधिकार दिले. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कनलिफ यांच्या आयोगाने ८८ शिफारशी केल्या, त्यातली ठळक म्हणजे ऑफवॉट बरखास्त करून एकच नियामक नेमणे. सरकारने ती लगेच उचलली.

जे सुटलेले नाही

उद्दिष्टांचा पायाच हलता आहे. ऑफवॉटचा वायदा २०२१च्या तुलनेत २०३० पर्यंत विसर्ग ४५ टक्क्यांनी कमी करण्याचा. सरकारचा वायदा मैलापाण्याचे प्रदूषण २०२४च्या तुलनेत निम्मे करण्याचा. २०२१ मध्ये सगळ्या सांडव्यांवर मीटर नव्हते आणि २०२४ पावसाळी वर्ष होते. कोणते वर्ष धरायचे यावर यश आणि अपयश ठरेल, आणि २०३०चा पाऊस कसा असेल हे कोणाच्या हाती नाही.

किती पाणी सांडले, हा आकारमानाचा प्रश्न तर जसाच्या तसा आहे. मंत्रालय आणि कंपन्यांचे म्हणणे असे की हजारो जुन्या, वेड्यावाकड्या चेंबरांत प्रवाह मोजणे खर्चिक आहे, आणि तोच पैसा दुरुस्तीला लावावा. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण विसर्गांची संख्या हेच लक्ष्य ठरले की कंपनीला त्या सांडव्याकडे आधी जावेसे वाटते, जिथे लहान लहान विसर्ग जास्त होतात आणि एक टाकी बांधून आकडा पटकन खाली येतो. वर्षातून आठच वेळा पण प्रचंड वाहणारा सांडवा दहाच्या मर्यादेत आरामात बसतो. युरोपीय संघाने २०२४च्या नव्या निर्देशात वेगळी वाट धरली. पावसात सांडणारे प्रदूषण कोरड्या हवामानात वर्षभर गोळा होणाऱ्या प्रदूषणभाराच्या दोन टक्क्यांच्या आत आणावे, असे तिथले मार्गदर्शक लक्ष्य आहे. त्यासाठी भार मोजावा किंवा प्रारूपांतून काढावा लागतो, आणि तो काढताना तिथेही वाद होणारच. मला मात्र तासांपेक्षा ते माप नदीच्या जवळचे वाटते.

कोरड्या दिवशीच्या विसर्गांची चौकशीही अर्धवट आहे. त्या दिवशी आणि आदल्या चोवीस तासांत ०.२५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नसेल, तर त्याला एन्व्हायर्नमेंट एजन्सी कोरडा दिवस म्हणते. पण चुनखडीच्या प्रदेशात भूजल आठवडेच्या आठवडे तडकलेल्या नळांत झिरपते आणि निरभ्र आकाशाखाली सांडवा वाहतो. हा कंपनीचा गुन्हा की जमिनीचा स्वभाव, यावर एकवाक्यता नाही.

आणि अजून एक जात राहिली आहे. पंपिंग स्टेशनची वीज गेली किंवा पंप बिघडला तर मैलापाणी बाहेर काढणारे आणीबाणीचे सांडवे. ते या साडेचौदा हजारांत धरलेले नाहीत. पावसाशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे त्यांतून येते ते पाऊस न मिसळलेले, घट्ट मैलापाणी. त्यांच्यावर मीटर बसवायचे बंधन २०२५च्या कायद्याने घातले आणि ते काम आत्ता कुठे सुरू होते आहे. त्यांचे तास अजून कोणत्याच मार्चच्या बातमीत आलेले नाहीत.